शोभाचं आसन

आज सांगते ते घरातसुद्धा कुणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सांगू म्हटलं की नेमकं काहीतरी काम निघायचं — निघायचं, की मीच काढायचे?

तेलगावकडे मी मॉन्टेसरीचं बालमंदिर चालवत होते. नव्वदीनंतरची ती वर्षं. जवळच इंग्रजी शाळा निघाली, माझी मदतनीस जास्त पगारावर तिकडे गेली आणि सगळी पोरं माझ्या एकटीच्या गळ्यात पडली. खोटं कशाला बोलू — त्या वर्षी मला मुलांचा वीट आला होता.

उन्हाळ्याच्या तोंडी मोठ्या मुलांची पहिलीची तयारी करून घ्यायची असे. हजेरीला 'हजर' म्हणायचं, घंटा होईपर्यंत जागेवर बसायचं, एक दिवस शेजारच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात बसून यायचं. आणि शेवटच्या दिवशी आपलं आसन झटकून एखाद्या लहानग्याच्या हातात द्यायचं. किराणा दुकानदाराची शोभा या सगळ्यात पुढे. आसन देताना केवढ्या ऐटीत उभी होती ती!

पण शोभा गेली तर माझं कसं होणार होतं? रडकी पोरं तिच्याजवळच गप्प व्हायची. नाकं ती पुसायची, गुलाबी मनोरा रचायचे ठोकळे ती जागेवर ठेवायची. मोठ्यांनी लहानांना सांभाळायचं ही तर आमची पद्धतच — त्या पद्धतीच्या आड मी छान लपले.

तिच्या वडिलांना म्हणाले, अजून कच्ची आहे, वर्षभर राहू द्या. धडधडीत खोटं.

"तुमी म्हणता तर ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. "आमाला काय कळतंय त्यातलं?"

घरी तिला कुणी सांगितलंच नाही. जूनमध्ये ती नवं दप्तर घेऊन पहिलीच्या रांगेत उभी. मी हाताला धरून परत आणली.

"माझं काय चुकलं ओ बाई?"

मी काहीतरी बोलले — काय ते आठवत नाही, की आठवायचं नाही? तिने दप्तर खिळ्याला अडकवलं आणि एका रडणाऱ्या पोराला जवळ घेतलं. मला तेव्हा — लाज वाटते सांगायला — हायसं वाटलं.

काही वर्षांनी ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. चांगली उंच झाली होती. हसतच म्हणाली, "बाई, हिला पहिलीत धाडायची लई घाई नका करू. माझ्यावानीच कच्ची असंल ही बी."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. आसपास दुसरं कुणी नव्हतं. मी "बरं" म्हणाले आणि बहिणीला आत घेतलं.