पलंगाखालचं पितळ

परत आलेल्या मालाचे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. ते मालाबरोबरच यायचे. खोकं उघडलं की आत भांडं असायचं किंवा नसायचं, किस्सा मात्र हमखास असायचा! आता चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते समईचं सांगा ना." मी सांगतो. सांगताना मनात धाकधूक असते, की आपण रंगवून तर सांगत नाही ना? मग मी कुसुमकडे, म्हणजे बायकोकडे बघतो. तिच्या कपाळाला आठी पडली नाही, तर पुढे जातो.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचो. डॉक्टरेट केली तीही 'संशय' या विषयावर. त्यानंतर कशाचीच खात्री वाटेनाशी झाली. निवृत्त झाल्यावर आम्ही सेलूला राहायला आलो. घरासमोरच आबाजींचं पितळेच्या भांड्यांचं दुकान. त्यांची सून सुषमा ही माझी जुनी विद्यार्थिनी. लोक स्टीलकडे आणि प्लास्टिककडे वळले, दुकानात माशा बसायला लागल्या, तेव्हा या मुलीनं हट्टानं कम्प्युटर घेतला आणि एका ऑनलाइन साईटवर समया, तांबे, घंट्या विकायला काढल्या. २००५ नंतरची गोष्ट. सेलूत तेव्हा 'ऑनलाइन' म्हणजे वीज असेल तर! इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

आबाजींनी एकच अट घातली. "सुनबाई, तीन पिढ्या झाल्या, आपल्या दुकानातलं भांडं कदी परत नाई आलं. ज्या दिवशी एक जरी आलं, त्या दिवशी हे डबडं बंद!"

डबडं म्हणजे कम्प्युटर.

पहिल्याच महिन्यात एक भांडं परत आलं. भर दुपारी सुषमा पदराखाली खोकं लपवून आमच्या दारात उभी. चेहरा पांढराफटक. मी घाबरून विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "सर, तुमचा पलंग उंच हाय न?"

* * *

तेव्हापासून साईटवर परतीचा पत्ता आमचा. कुरिअरवाल्याला कुसुम चहा पाजायची आणि बजावायची, "हे बघा, रिटर्नचं काहीही असलं तरी समोर नाही, इकडे!"

तर ती समई. पुण्याच्या एका गृहस्थांनी समयांची जोडी, ताम्हन आणि कलश असा संचच मागवला. आठवड्यानं तक्रार आली, की रंग फोटोतल्यासारखा नाही, वस्तू अजिबात वापरलेल्या नाहीत, परत घ्या. गिऱ्हाइकाला मुदतीत उत्तर दिलं नाही तर साईट त्याचंच खरं धरायची, आणि दुकानाच्या नावापुढचे तारे कमी व्हायचे. म्हणून लगेच मागवून घेतलं.

खोकं उघडलं. समयांच्या खाचांत तेल. ताम्हनाच्या काठाला कुंकू. कलशाच्या तळाशी तुळशीचं पान.

मी म्हणालो, "कदाचित टेस्टिंग केलं असेल. समई घेतल्यावर माणूस पेटवून बघणारच."

"सर, टेस्टिंगले तुळस लागते का?"

कुसुमनं ताम्हन नाकाशी नेलं. "शिरा होता. केळं घातलेला. सत्यनारायण झालाय! प्रसाद तरी पाठवायचा मेल्यानं!"

मी रात्रभर विचार करून एक वाक्य रचलं: 'आपल्या घरचे मंगलकार्य निर्विघ्न पार पडले असावे, अशी आशा आहे.' हा टोमणा होता. निदान मला तो तसा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'हो, फारच छान झालं! रिफंड कधी?'

* * *

सुरतेच्या एका बाईंनी तांब्याचा हंडा मागवला आणि कळवलं, की खोकं रिकामं आलं. पुरावा म्हणून फोटो. टेबलावर उघडं खोकं, आत आमचा भुसा, बाकी काही नाही.

मी हळहळलो. वाटेत कुणीतरी चोरलं असणार. मी रिफंडचं पत्र टाईप करायला बसलो, तेवढ्यात सुषमा म्हणाली, "थांबा सर." तिनं फोटो मोठा केला. खोक्याच्या मागे स्वयंपाकाचा ओटा. ओट्यावर एक हंडा. हंड्यावर झाकण, झाकणावर पेला.

मी म्हणालो, "सुषमा, एकसारखे हंडे जगात पुष्कळ असतात. त्यावरून निष्कर्ष..."

तिनं आणखी मोठा केला. हंड्याच्या पोटावर आमच्या दुकानाचं गोल लेबल! काढलंसुद्धा नव्हतं.

आता बाईमाणसाला खोटारडी कसं म्हणायचं? तासभर मी खाडाखोड केली. शेवटी एकच ओळ गेली: 'फोटो मिळाला. कृपया मागे वळून पाहावे.'

उत्तर आलं नाही. पण त्याच आठवड्यात त्यांच्याकडून पाच तारे पडले.

* * *

मी ठामपणे 'नाही' म्हणालो असा प्रसंग एकच. त्याचं असं झालं.

दिल्लीहून किरण नावाच्या गिऱ्हाइकाची तक्रार आली, 'तांब्यावर तुम्ही भलतंच नाव कोरून पाठवलं आहे.' मला राग आला. रोज कुणी ना कुणी आम्हाला बनवतंय, आणि आता हे! मी कडक लिहिलं: 'आमच्याकडून भांडी कोरी जातात. नाव आपणच घालून घेतले असणार.' पाठवल्यावर छाती जरा फुगलीच होती.

तांब्याचा फोटो आला. तांब्यावर देवनागरीत, वळणदार अक्षरांत: 'सौ. किरण'. तो हातात धरून उभे असलेले किरण हे मिशीवाले गृहस्थ होते.

सुषमानं अक्षर ओळखलं. "आबाजी!"

आबाजींच्या हातून गेली साठेक वर्षं एकही भांडं नाव घातल्याशिवाय गेलेलं नव्हतं. गल्ल्यावर पॅकिंगसाठी तांब्या ठेवलेला, त्याला नावाची चिठ्ठी. सुषमा दूध बघायला आत गेली, तेवढ्यात त्यांनी कोरायचं मशीन चालवलं. नुसतं 'किरण' बरं दिसेना, म्हणून 'सौ.' स्वतःच्या मनानं! वर ती बाहेर आली तेव्हा म्हणाले, "बाईचं नाव घालून देल्लं हो. पैसे नोको घेजो."

तिला वाटलं, ते दुकानातल्याच कुणा गिऱ्हाइकाबद्दल बोलतायत, आणि तिनं तांब्या न बघताच खोक्यात भरला.

तांब्या परत आला. कोरलेलं भांडं पुन्हा विकता येईना, म्हणून कुसुमनं तो पाण्यासाठी घेतला. पाहुणे विचारायचे, "सौ. किरण कोण?"

कुसुम माझ्याकडे न बघता म्हणायची, "ह्यांची कॉलेजातली ओळख."

* * *

नागपूरच्या एका मॅडमनी पितळी गडवा, म्हणजे इकडचा तांब्या, परत केला. खोक्यातून निघाला स्टीलचा, पोचे पडलेला. त्यावर कोरलेलं: 'शुभविवाहप्रसंगी मामाकडून'. मॅडमचं म्हणणं, तुम्ही हाच पाठवलात.

मी म्हणालो, "गोदामात अदलाबदल झाली असेल का?"

"सर, आपल्याकडे स्टील हायेच कुठं?"

"तरीही..."

"काऊन तरीही?" सुषमा उखडली. तिनं सरळ फोन लावला. "मॅडम, तुमच्या मामाले आमचा नमस्कार सांगजा. गडवा मस्त होता म्हणा!"

पलीकडून बारीक आवाज आला. "मामा मागच्या वर्षी गेले."

सुषमाचा सगळा जोर गेला. मग त्या मॅडम रडायला लागल्या. मग सुषमाही! मी शेजारी उभा राहून दोघींपैकी कुणाला समजवावं या विचारात. शेवटी रिफंड दिला आणि मामांचा गडवा कापसात गुंडाळून आमच्या खर्चानं परत पाठवला. आमचा पितळी गडवा मात्र मागायचा राहूनच गेला.

कुसुम म्हणाली, "तुम्हा दोघांना धंदा जमायचा नाही."

पुढच्या दिवाळीला त्याच मॅडमनी घंटा मागवली. ऑर्डर बघून सुषमा म्हणाली, "सर, ह्या बारीले फोन तुमी लावजा!"

* * *

सगळ्यांत चिवट निघाले राजस्थानातले एक इंजिनिअर. एक पितळी वाटी मागवली. पोचा आहे म्हणून परत. दुसरी पाठवली. घासलेली नाही म्हणून परत. तिसरी. ठेवली की डुलते म्हणे! प्रत्येक वाटी आम्ही फरशीवर ठेवून, वाकून वाकून पाहिली. एकही डुलत नव्हती. मला वाटायला लागलं, आमची फरशीच डुलत असेल.

सुषमा म्हणाली, "हा मानूस नक्की काहीतरी करून राह्यला, सर. पन काय, तेच समजत नाई."

एक गोष्ट तेवढी विचित्र होती. वाटी परत यायची ती थर्माकोलमध्ये. आम्ही ज्या जुन्या पेपरांत गुंडाळून पाठवायचो, ते कधी परत यायचे नाहीत.

चौथ्या वेळी मेलमध्ये शेवटी एक ओळ होती, मराठीत: 'ह्या खेपेस पेपर सरळ घडी करून लावावा. चुरगळला की बाजारभाव वाचता येत नाहीत.'

फोन केला. गृहस्थ मूळचे आमच्या जवळच्याच आंजी गावचे. वीस वर्षं तिकडे. "मले तिथं आपल्या इकडचं काहीच वाचाले नाई भेटत हो," ते खजील होऊन म्हणाले. "कोनाच्या घरी लग्न हाय, कापसाचा भाव काय, पवनारच्या पुलावर पानी आलं का... वाटीचं काही नाई. वाटी चांगलीच हाय!"

सुषमानं आठवड्याभराचे पेपर इस्त्री केल्यासारखे घडी घालून, मधोमध वाटी ठेवून पाठवले.

साईटवर त्यांनी तारे दिले चारच. खाली लिहिलं होतं: 'भांडं उत्तम. बुधवारचा पेपर नव्हता.'

* * *

तोवर दुकानाचा निम्म्याहून जास्त धंदा त्या डबड्यावर चालायला लागला होता. एका आठवड्यात सुषमानं दुकानाचं रंगकाम काढलं होतं, आणि आबाजी रंगाऱ्यावर ओरडण्यात रमले होते. आमचा पलंग मात्र पितळेवर तरंगत होता. चादर जमिनीपर्यंत सोडली की बाहेरून काही दिसायचं नाही. पण मी रात्री कूस वळवली की खालून एखादी घंटा वाजायची.

त्याच आठवड्यात एके दिवशी चारच्या सुमाराला दार वाजलं. समोर आबाजी. एका हातात काठी. दुसऱ्या काखेत खोकं, खोक्यावर तांबड्या अक्षरांत ठळक इंग्रजी शिक्का: 'रिटर्न'. आबाजींना इंग्रजी येत नाही, असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. कशावरून धरलं होतं, ते मला त्या क्षणी काही केल्या आठवेना.

"सर, कुरिअरवाला नवा हाय," ते म्हणाले. "तुमचं पार्सल दुकानात टाकून गेला."

आणि येऊन नेमके पलंगावर बसले!

मी मनात उत्तरं जुळवायला लागलो. हे मीच मागवलंय म्हणावं? मग 'परत' कसं? मित्राचं म्हणावं? कुठला मित्र? मला सुषमाचा तो पांढरा पडलेला चेहरा दिसायला लागला. आयुष्यभर पोरांना शिकवलं, की आधारविधानं खोटी असली की निष्कर्ष टिकत नाही, आणि माझ्याजवळ एकही खरं विधान शिल्लक नव्हतं. कुसुमची तर अशी गडबड उडाली, की तिनं पाणी आणलं ते नेमकं त्याच तांब्यातून!

आबाजींनी तांब्या हातात घेतला. फिरवला. चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचलं. "सौ. किरण."

कुसुमनं पदराला हात पुसले.

"अक्षर चांगलं आलं," ते म्हणाले, आणि घटाघटा पाणी प्यायले.

मग त्यांनी पायाजवळचं खोकं काठीनं हळूच पलंगाखाली सरकवलं. खाली वाकले नाहीत, चादरही उचलली नाही. खोकं अर्धं आत गेलं आणि अडलं. त्यांनी आणखी जोर लावला. आत काहीतरी खणखणलं, एक घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"जागा नाई राह्यली वाटते," आबाजी उठत म्हणाले. "खाली ओल लागते पितळेले. उद्या दुकानातून एक मांडणी पाठोतो."

ते दारापर्यंत गेले, थांबले, समोर रंग चाललेल्या दुकानाकडे बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाले,

"सर, मी आलतो हे सुनबाईले नोका सांगू. तिनं कबूल केलं, त मले ते डबडं बंद करा लागन!"