अण्णांच्या मोटरसायकलची गळती घेऊन महाडला

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिवाळीच्या तोंडावर मला एक भेट दिली. पार्किंगमधल्या माझ्या जागेचा फोटो, त्यात तेलाच्या डागाभोवती लाल गोल, आणि तो फोटो सगळ्या सोसायटीच्या ग्रुपवर. खाली एवढंच : "ताई, फरशी नवीन आहे."

डाग अण्णांच्या मोटरसायकलचा. अण्णा म्हणजे माझे वडील. पोलादपूर तालुक्यात सरकारी नोकरी, गुरांना लस टोचायची, अडलेली गाय सोडवायची. वाड्यावस्त्यांवर सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. घर महाडला. पुराच्या साली आमच्या घरात माळ्याला टेकेल इतकं पाणी आलं, त्यानंतर आई-अण्णा माझ्याकडे पुण्याला राहायला आले आणि मागोमाग टेम्पोतून मोटरसायकल आली. पुण्यात आली आणि इंजिनातून ऑइल गळायला लागलं. अण्णा रोज रात्री तिच्याखाली जुनं वर्तमानपत्र पसरायचे आणि सकाळी काढून बघायचे. ते वर आले की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "सापडली का?" म्हणजे गळती. अण्णा म्हणायचे, "नाही. उद्या बघू." शेवटच्या आजारपणापर्यंत हे चाललं. पुढे वर्तमानपत्र मी पसरायला लागले.

पुण्यातल्या गॅरेजवाल्यांनी सीलं बदलली, गास्केटं बदलली. एकाने तर सरळ सांगितलं, "मॅडम, भंगारात द्या." माझा नवरा मिलिंद शांत माणूस आहे, पण त्यालाही त्या ग्रुपची लाज वाटली आणि त्याने एक गिऱ्हाईक शोधलं. मग आमचं ठरलं ते असं : दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी महाडला अण्णांच्या जुन्या मिस्त्रीकडे, बापूंकडे नेणार. परत आल्यावर सकाळी कागदावर एक थेंब जरी दिसला, तरी गाडी त्या गिऱ्हाइकाची. आईने हे सगळं ऐकलं. माझ्या सॅकमध्ये चिवड्याचा डबा कोंबला आणि म्हणाली, "बापूला सांग, मी विचारलंय."

पहिला दिवस : ताम्हिणीतून महाड

ज्यांना दुचाकीवर जायचंय त्यांनी ताम्हिणी घाट सकाळी लवकर उतरावा. पाऊस नुकताच संपलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि पर्यटकांच्या गाड्या अंथरुणातून उठलेल्या नसतात. निजामपूरला चहा आणि कांदाभजी मिळाली. माणगावला हायवेला लागलं की कोंडी ठरलेली, तिथे चिडून उपयोग नाही. मी चिडले. ऑइलची एक बाटली सोबत ठेवली होती, ती माणगावच्या पुढे थोडी ओतावी लागली. उजव्या बुटावर एव्हाना तेलाचा काळा ओघळ आला होता.

महाडला शिरले आणि सावित्रीचा पूल दिसला तशी मी गाडी हळू केली. बाजारपेठेतल्या भिंतींवर पुराच्या खुणा अजून आहेत. नवा रंग दिला तरी लोक रेघ तेवढी पुन्हा मारून ठेवतात. आमचं घर आता एका शिक्षक कुटुंबाला दिलंय. ओट्यावर त्यांचा आकाशकंदील होता. मी पलीकडच्या बाजूने बघून पुढे गेले, आत जायचं धाडस झालं नाही.

बापू मिस्त्रींचं गॅरेज होतं तिथेच आहे. बापू बोलके, चिडके आणि स्वतःवर भारी विश्वास असलेले. गाडी बघून उठून उभे राहिले.

"ही हाय अजून? पुराच्या वेळी अर्ध्या महाडच्या इंजिनात पाणी शिरून ऑइलचा चहा झालेला. तुझ्या अण्णांचं ऑइल मीच काढलं, एकदम साफ! मी बोललो, डॉक्टर, नशीब हाय तुमचं."

"नशीब आता गळतंय, बापू."

त्यांनी खाली वाकून बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "गिअरच्या शाफ्टचं सील. पुण्याच्या पोरांनी उलटं बसवलं असणार." नवीन सील घातलं, हात पुसले, "जा आता पार गोव्याला," म्हणाले. मी बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरले. खोली साधी, स्वच्छ, गाडी आवारात ठेवता येते. जेवायला खाली सुरमईची कढी आणि तांदळाची भाकरी. एकट्या बाईने जेवायला बसलं तरी कुणी वळून बघत नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

दुसरा दिवस : पोलादपूर, कापडे आणि पुन्हा महाड

सकाळी गाडीखालचा कागद कोरडा होता. मी खूश. पण गाडी उभी असताना कोरडी राहिली याला काही अर्थ नाही, चालवून बघायला हवी. म्हणून अण्णांच्या फेरीच्या रस्त्याने निघाले. हायवे आता रुंद झालाय. कशेडीकडे जाणारे ट्रक पोलादपूरपर्यंत साथ देतात, तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याला वळलं की एकदम शांत. कापडे गावात भात कापून झालं होतं, खळ्यावर झोडणी चालू होती. भाताच्या पेंढ्याचा वास आला आणि मला अण्णांचा खाकी शर्टच आठवला. लहानपणी टाकीवर पुढे बसून मी याच रस्त्याने यायचे.

रस्त्याकडेला गाडी लावली तर खळ्यावरची एक म्हातारी हातातला पेंढा टाकून आली. माझ्याकडे बघितलंच नाही, गाडीकडे बघत राहिली.

"ही डॉक्टरांची गाडी ना गो?"

"हो. मी त्यांची मुलगी."

"आवाज आला तवाच बोलले, डॉक्टर आले. मग आठवलं, ते गेले नाय का." तिने पदराने सीट पुसली. "माझी म्हस वाचवली त्यांनी. ती म्हस गेली, पण तिची नात हाय गोठ्यात. बघतेस?"

मी म्हशीची नात बघितली. भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्ल्याशिवाय तिने सोडलं नाही. मुलगा मुंबईला असतो, तो फोनवर "हॅपी दिवाळी" म्हणतो, ते तिने मला म्हणून दाखवलं. फार दिवसांनी मला कुणी डॉक्टरांची मुलगी म्हटलं होतं.

गाडीकडे परत आले तर गवतावर थेंब. सीलची बाजू कोरडी होती, आता तेल वरून, इंजिनाच्या हेडच्या सांध्यातून येत होतं. मला तिथेच रडू आलं. म्हातारीला वाटलं अण्णांच्या आठवणीने. तेही खरंच होतं.

बापूंनी गाडी बघितली आणि त्यांचा पारा चढला, स्वतःवरच. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" सगळं इंजिन रॉकेलने धुतलं, हवा मारून सुकवलं आणि शेजारच्या दुकानातून टाल्कम पावडरचा डबा आणवला. अंगाला लावायची पावडर. ती इंजिनावर भुरभुरली. "पांढऱ्यावर तेल लपत नाय." गाडी जागेवर चालू ठेवून आम्ही दोघं समोर उकिडवे बसलो. आधी हेडजवळ एक काळी रेघ उमटली. मग मॅग्नेटच्या कव्हरखाली. मग तिसरीकडे.

"आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं लावणार?" बापू म्हणाले. उठून गाडी बंद केली आणि म्हणाले, "ही फुटलेली नाय. हिचा श्वास कोंडलाय."

इंजिनाच्या आत दाब तयार होतो, तो बाहेर जायला एक रबरी नळी असते; ती बुजली की तो दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. ती मागे खाली लोंबते, तोंड उघडंच असतं. आमच्या गाडीच्या नळीचं तोंडही उघडंच दिसत होतं, म्हणून कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. बापूंनी नळी उपसून काढली, तारेचा आकडा आत घातला आणि ओढला. आतून तेलाने काळा झालेला कापडाचा घट्ट बोळा आला. त्यांनी तो रॉकेलमध्ये खळबळला तेव्हा काठावर मोरपंखी रंग दिसायला लागला.

तो काठ मला ओळखीचा होता. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईने चष्मा वर केला. "अगं, हे माझ्या पातळाचं. मीच कोंबलं होतं." मग सांगायला लागली. पुराचा भोंगा झाला तेव्हा अण्णा एसटीने पोलादपूरला गेलेले, तिथेच अडकलेले. गाडी ओट्यावर चढवायची ताकद तिच्यात नव्हती. दर पावसाळ्यात अण्णा सायलेन्सरच्या आणि हवेच्या तोंडात बोळे घालायचे ते तिने बघितलेलं, तसेच घातले. मग ही नळी उघडी दिसली. तीही बुजवली, विणायच्या सुईने पार आत ढकलून. "पाणी उतरल्यावर ते आले, त्यांनी बोळे काढले. मला वाटलं, सगळे काढले असतील."

अण्णांना दोनच बोळे माहीत होते.

आई थांबली. "म्हणजे ते रोज खाली जाऊन..." तिने फोन बंद केला. मी पुन्हा लावला, तिने उचलला नाही.

बापू हातात तो बोळा घेऊन उभे होते. "आईला सांग," ते म्हणाले, "ह्याच्यामुळंच पाणी आत गेलं नाय. डॉक्टरांचं नशीब बोललो ना मी, ते हे."

तिसरा दिवस : आंबेनळी चढून घरी

परतीला मुद्दाम आंबेनळी घाट घेतला. पावसाळ्यात इथे दरडी येतात, रस्ता चालू आहे का ते पोलादपूरला विचारूनच निघावं, पेट्रोलही तिथेच भरावं. वळणं अवघड, कडेला खोल दरी, माकडं निर्लज्ज. अण्णा या घाटात कायम दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणायचे. मी गुणगुणले नाही, सारखी बुटाकडे बघत होते. महाबळेश्वरला थांबून बघितलं, बूट कोरडा. पाचगणी, वाई, मग हायवेने पुणे. वाईला मिसळ खाल्ली, ठीक होती.

घरी आले तेव्हा आईचे डोळे सुजलेले होते. मी तिला बापूंचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं आणि पिशवीतला पातळाचा तुकडा हातात दिला. ती म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि तुकडा धुवायला घेऊन गेली. रात्री मी गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं.

सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती. तिचे गुडघे दुखतात, ती एकटी कधी खाली जात नाही. मी धावत गेले. ती मोटरसायकलपाशी उभी होती, हातात वर्तमानपत्र, ते उलटसुलट करून बघत होती. कागदावर फक्त काल छापलेल्या बातम्या होत्या.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी विचारलं, "सापडली का?"

आईने सीटवर हात ठेवला. उत्तर मला दिलं नाही, गाडीकडे बघूनच दिलं.

"सापडली हो. माझ्याकडेच होती."