केसभर बाजूचा ठिपका

धनजच्या बापूरावांची रुचिका पुण्यात खगोलशास्त्रात संशोधन करत होती. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचं धगधगतं केंद्र. अशाच एका क्वेसारभोवतीची थंड धूळ तिला मिलिमीटर लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीने दाखवली होती. एवढी धूळ आहे, तर तिथे नवे तारे जन्मत असणार, असा तिचा निबंध छापायला निघाला होता.

सुटीत ती घरी आली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. चित्रातला धुळीचा ठिपका क्वेसारपासून केसभर बाजूला दिसत होता. घरातून मळ्यात, मळ्यातून घरात तिच्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या.

"काय झालं बाई? जेवूनबी नाई राह्यली," वांगी तोडता तोडता बापूरावांनी विचारलं.

"बाबा, ते धूळ आपल्या अन् क्वेसारच्या मधातल्या दुसऱ्याच दीर्घिकेची असन तं?"

"मंग सांगून दे ना तुह्या सरांले."

"दोन वर्सांची मेहनत वाया जाईन."

"शक आहे तं छापतं कायले?"

रुचिकाने तिथेच मळ्याच्या धुऱ्यावर, बांधावर बसून सरांना पत्र लिहिलं. निबंध थांबला. आणखी बारीक निरीक्षणं यायला आठ महिने लागले, आणि ते तिने अपुऱ्या झोपेत काढले. शंका खरी निघाली. क्वेसारभोवती धूळ जवळजवळ नव्हतीच.

तिने बापूरावांना फोन लावला. "बाबा, ठिपका दुसऱ्याच दीर्घिकेचा निघाला."

"मंग आता?"

"आता त्या दुसऱ्या दीर्घिकेचाच अभ्यास करून राह्यली. तारे तं तिथंच जन्मून राह्यले."