खडूबाईंचा चालू वर्ग

वेल्डरने बायकोचे केस मुठीत धरून तिचं तोंड टेबलावर आपटलं, तेव्हा खडूबाई नुकत्याच त्या खोलीत शिरल्या होत्या. खोली म्हणजे पडद्यावरची. ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांचे लहान गट पाडले की प्रत्येक गटाला अशी वेगळी खोली मिळते, आणि शिक्षकाने एकेका खोलीत डोकावून कोण कुठे अडलंय ते बघायचं. आधीच्या गटात हशा पिकला होता, ते हसू अजून बाईंच्या तोंडावरच होतं. समोरच्या चौकटीत रक्त उडालं. बाईंना वाटलं, कोणाकडे तरी टीव्ही चालू राहिलाय.

बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. फळ्यापाशी उभ्या राहिल्या की बाहीपासून भुवयांपर्यंत पांढऱ्या व्हायच्या, म्हणून हे नाव पडलं. कॉलेजने नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी अख्खा अभ्यासक्रम ऑनलाइन केला, आणि पहिलं सत्र बाईंनी भिंतीशी बोलावं तसं काढलं. तासभर आपणच बोलायचं, काळ्या चौकटींकडे बघायचं आणि बंद करायचं. एकदा तास संपला, सगळे गेले, एक चौकट मात्र तशीच राहिली आणि तिच्यातून घोरण्याचा आवाज यायला लागला. तो ट्रकवाला होता. माल उतरेपर्यंत गाडीतच बसून तो शिकायचा. बाईंनी हाका मारमारून उठवलं, तर गडी ओशाळलासुद्धा नाही.

"रागावू नका मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही शिकवता झकास. पण मी नसलो तरी तुमचं काही अडत नाही ना!"

हे बाईंना चांगलंच लागलं. पुढच्या सत्रात त्यांनी शिकवण्याची तऱ्हाच बदलली. थोडंसं बोलायचं, लगेच एक उदाहरण टाकायचं, गट पाडायचे, आणि प्रत्येकाने निदान एकदा तरी तोंड उघडून बोलायचंच. जो गप्प राही त्याला संध्याकाळी फोन. कोणाचं नेट रडतं, कोणाच्या मांडीवर तान्हं आहे, कोण कुठल्या गल्लीत राहतं, सगळं त्यांना तोंडपाठ झालं. मेलेला वर्ग उठून बसला.

सगळ्यात जास्त खुलली ती शिवणवाली. ही घरी कपडे शिवायची आणि मशीन बाजूला सारून त्याच टेबलावर तासाला बसायची. सुरुवातीला "हो" आणि "नाही" एवढंच बोलणारी बाई आता गटातल्या बाप्यांच्या चुका काढायला लागली होती. तिच्या नवऱ्याला, वेल्डरला, नेमकं हेच सलत होतं. त्या सकाळी तो कामावर गेला नव्हता. ट्रकवाल्याने सरासरीवरून काहीतरी विनोद केला, ती खळखळून हसली, आणि ते हसू ऐकून तो बाहेरच्या खोलीतून आत आला.

"ए! सोड तिला!" बाई ओरडल्या.

वेल्डरने मान वळवून पडद्यात पाहिलं. "तूच का ती मास्तरीण? हिला परक्या पुरुषांबरोबर दात काढायला शिकवतेस?" असं म्हणत त्याने शेजारची इस्त्री उचलली आणि बायकोच्या कानावर हाणली. ती किंचाळली नाही. तिच्या तोंडून नुसता हवा सुटल्यासारखा आवाज आला. मग लॅपटॉप खाली पडला. चौकटीत फक्त छत दिसायला लागलं आणि लाथा ऐकू येत राहिल्या.

"मॅडम, मी तिच्याच भागात आहे, गोदामापाशी," ट्रकवाला म्हणाला. "घर कुठलं तिचं?"

बाईंनी पत्ता सांगितला, एका श्वासात, खुणेसकट. दुसऱ्या फोनवरून पोलिसांना कळवलं. गटात तिसरी एक तरुण मुलगी होती, ती हमसून रडत होती. तिला त्या म्हणाल्या, "रड, पण बंद करू नकोस. उद्या साक्ष द्यायला आपण दोघींनी ऐकलेलं असायला हवं."

पोलिसांच्या आधी ट्रकवाला पोचला. छताच्या त्या चित्राखाली दार फुटल्याचा आवाज आला, मग दोन पुरुषांची झोंबाझोंबी, शिव्या, काहीतरी कडकन मोडलं आणि वेल्डर गुरासारखा ओरडला. ट्रकवाल्याने जॅकच्या दांड्याने त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. पोलिसांनी दोघांनाही धरून नेलं. शिवणवालीला दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "रेकॉर्डिंग असेल ना?"

"मुख्य वर्गाचं आहे. छोट्या खोल्यांचं होत नाही, सर."

"म्हणजे पुरावा नाही. बाई, तुम्ही शिकवा हो. लोकांच्या संसारात कशाला पडता?"

"मी कुठे पडले? तो माझ्या वर्गात आला."

पोलिसांत ट्रकवाल्याचा आणि त्या रडणाऱ्या मुलीचा जबाब झाला, बाईंचा झाला. ट्रकवाल्याला ताकीद देऊन सोडलं. वेल्डर मात्र महिन्याभरात जामिनावर बाहेर आला. बायको मावशीकडे होती, तिचा पत्ता त्याला कोणी देईना. बाईंचं घर शोधणं काही अवघड नव्हतं.

घरात बाई आणि त्यांची धाकटी नणंद, दोघीच. बाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नणंद नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली, आणि वहिनीचा तास चालू असला की मुद्दाम दाराआडून उत्तरं सांगायची. ती बहुतेक चुकीची असत. त्या दुपारी बेल वाजली आणि तिने दार उघडलं. वेल्डरने तिला एवढ्या जोराने ढकललं की ती चपलांच्या रॅकवर जाऊन पडली.

तास चालू होता. सगळा वर्ग बघत होता. वेल्डरने डाव्या हातातली सळई बाईंच्या पाठीत घातली, दुसरा वार त्यांनी हातावर झेलला, आणि हाताचं हाड मोडल्याचं त्यांना आधी ऐकू आलं, मग कळलं. त्याने हेडफोनची वायर त्यांच्या गळ्याभोवती आवळली. "शिकव आता," तो कानाशी म्हणत होता, "शिकव ना."

टेबलावर चहाची किटली होती, नुकतीच आणलेली. बाईंचा उजवा हात तिच्यापर्यंत पोचला. उकळता चहा त्यांनी खांद्यावरून मागे, त्याच्या तोंडावर फेकला.

तो कोसळला. इथपर्यंत जे झालं ते कोणीही केलं असतं. पण बाई थांबल्या नाहीत. त्यांनी त्याचीच सळई उचलली आणि एका हाताने मारत सुटल्या, गुडघ्यावर, बरगड्यांवर, तोंडावर. इतक्या वर्षांत कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईला त्या मारण्यात बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं. हे त्यांना तेव्हाच कळत होतं आणि तरीही हात खाली येत होता.

"वहिनी, पुरे! अहो मरेल तो!" नणंदेने मागून मिठी घालून धरलं.

"मरू दे, वन्सं! सोडा मला!"

"मी नाही मरू देणार. सोडा ती सळई!" नणंदेने ती हिसकावून कॉटखाली भिरकावली. मग तिने त्या माणसाला पाय धरून न्हाणीत ओढत नेलं आणि भाजलेल्या तोंडावर गार पाण्याची धार धरली. "मेल्या, डोळा उघड," ती म्हणत होती, "उघड म्हणते ना, नाहीतर जाईल!" हात सवयीने नर्सचे, तोंडात शिव्या. पोलीस आले तेव्हा ती धार धरूनच होती. डोळा गेलाच.

वेल्डरला शिक्षा झाली. बाईंनी स्वसंरक्षण केलं असं कोर्टाने म्हटलं. किती मारलं, हे तिथे कोणी फार खोदून विचारलं नाही. वर्गाने मात्र सगळं पाहिलं होतं. प्लास्टर घालून बाई पुन्हा पडद्यापुढे बसल्या, तेव्हा एकही जण गैरहजर नव्हता.

"मला बघून भीती वाटत असेल तर साहजिक आहे," बाई म्हणाल्या. "मलाही वाटते. उदाहरण घ्या."

त्यानंतर त्यांनी कोणाला बोलायची सक्ती केली नाही. सत्र सुरू व्हायच्या आधीच प्रत्येकाला फोन करून विचारत, घरात मोकळेपणी बोलता येतं का. ज्याला येत नसे त्याने लिहून उत्तर द्यायचं, कॅमेरा बंद. गट तसेच राहिले, एकेका खोलीत डोकावायच्या फेऱ्याही. फक्त खोलीत शिरताना बाई क्षणभर डोळे मिटत.

शिवणवालीने वर्ष वाया जाऊ दिलं नाही. मावशीच्या घरी नेट नव्हतं, म्हणून शेवटची परीक्षा द्यायला ती बाईंच्या स्वयंपाकघरात आली. उजव्या कानाने तिला आता काहीच ऐकू येत नव्हतं. ती डावा कान पुढे करून बसली.

"एक विचारू, मॅडम?"

"विचार की."

"तुम्ही मला सारखं बोलायला लावायचात. मी गप्प होते ना, तोवर तो कधी इतकं मारायचा नाही."

बाईंनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मला माफ कर, असंही म्हणवत नाही."

"म्हणू नका. मला राग आहे तुमचा." तिने खुर्ची पुढे ओढली. "आणि मागच्या वेळचं ते तिसरं उदाहरण, त्यात तुमचंच उत्तर चुकलं होतं. पेपर संपला की दाखवते. आता जा बाहेर, वेळ सुरू झाली."

बाई बाहेर आल्या. नणंद दाराला कान लावून उभीच होती. तिला हाताला धरून त्यांनी पलीकडच्या खोलीत नेलं आणि दोघी दार लोटून घेऊन पेपर संपेपर्यंत बसून राहिल्या.