सान हुआनच्या वाऱ्याचा काही दोष नव्हता

हे मी अजून कुणापाशी उघडलेलं नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा सईच्या सुखाचं मागते आणि हे तेवढं गाळते. मग आज का सांगतेय? मंडळाच्या हळदीकुंकवात एक मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "मुलगी असावी तर सईसारखी, आईसाठी सगळं सोडून आली." बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येऊन वाणातली स्टीलची वाटी ओट्यावर आपटली, काठ चेपला तिचा, तरी राग जाईना. राग त्या बाईचा नव्हताच.

जरा मागून सांगते. मी नागपूरची. अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये उभं आयुष्य गेलं, हृदयरोगाची डॉक्टर म्हणून निवृत्त झाले. नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघीच. सई पाण्याची इंजिनिअर. कामासाठी अर्जेंटिनातल्या सान हुआनला गेली आणि तिथलीच व्हायला निघाली — नोकरी तिथली, मातियास तिथला, लग्नही तिथेच, कारण ज्या आजींनी त्याला वाढवलं त्यांना विमानप्रवास झेपणारा नव्हता. मी फोनवर म्हटलं, छान. छान कसलं?

लग्नाच्या आठवड्यात पोचले. नावं ठेवायला जागा शोधतच गेले होते. चारी बाजूंना बोडके डोंगर, पाऊस जवळजवळ नाहीच, आणि मधोमध झाडांनी भरलेलं शहर. म्हणायला प्रांताची राजधानी, पण भूकंपाच्या धाकानं बहुतेक घरं बैठी. रस्त्यांच्या कडेनं पाट, त्यात डोंगरावरच्या बर्फाचं पाणी. सई मला ते पाट दाखवत चालली होती — हे पाणी कुणाच्या बागेत जातं, पाणी सोडायला ती फळी कधी उचलतात. इतकं भरभरून बोलताना मी तिला तिचे बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. आईला आनंद व्हायला हवा ना? माझ्या मनात एवढंच आलं, की ही आता परत येत नाही.

मग सोंदा सुटला. सोंदा म्हणजे डोंगरावरून उतरणारा तिथला गरम, कोरडा वारा. दारंखिडक्या लावून घ्या, वयस्करांना जपा, असं जो तो सांगत होता. आजींनी मला स्वतःची खोली दिली, घरातली सर्वांत थंड. खिडकीवर ओली चादर बांधली. आमच्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, अगदी तसंच. दुसरी कुणी असती तर त्या बाईचा हात धरून हे सांगितलं असतं. मला सुचलं ते असं, की इथे वाऱ्यावर खापर फोडता येईल.

नागपूरच्या मे महिन्यात, खिशात कांदा घालून वाढलेली मी — मला तो वारा काय करणार होता?

मी छातीवर हात ठेवला. आणि — सांगते, सगळं सांगते. सईचे बाबा आमच्या किचनमध्ये, तिच्या डोळ्यांसमोर गेले. आधी डावा हात जड झालाय म्हणाले, मग जबडा दुखतोय, मग पाणी दे. मी तेच म्हटलं, त्याच क्रमानं. मला दुसरी लक्षणं येत नव्हती का? आयुष्यभर पेशंटांकडून तीच तर ऐकली. पण मला खात्रीची हवी होती. नवऱ्याचं मरण मी पोटच्या पोरीवर वापरलं.

ती पांढरीफटक पडली. "आई, डोन्ट टॉक. जस्ट ब्रीद. आय ॲम हिअर." पेल्यातलं पाणी तिच्या हातावर सांडत होतं. तेव्हा तरी थांबायचं? हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरनं ईसीजी नॉर्मल आहे म्हटल्यावर मीच त्याला सुनावलं, की पहिला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. हे खरंच आहे. खोट्याला मी खऱ्याचा टेकू दिला. रक्ताच्या तपासण्याही चांगल्या आल्या, पण तोवर सईनं लग्न पुढे ढकललं होतं.

पुढे म्हणजे किती पुढे? ती मला घेऊन शॉमबर्गला परतली. आजींना सोडून मातियासला येता येईना, मला सोडून सईला जाता येईना. हळूहळू फोन थांबले. आता ती माझ्यापासून दोन गल्ल्यांवर एकटी राहते आणि मॉलच्या पार्किंगमध्ये साचणारं पाणी कुठे काढायचं ते बघते. रविवारी येऊन माझ्या गोळ्यांचा डबा भरते. कधी कधी मला तिचाच राग येतो — इतकी शिकलेली तू, विश्वास कसा ठेवलास? सगळ्यांत नीच राग तो हाच.

वाटलं होतं, गोष्ट इथे संपेल. पण काल डबा भरता भरता ती म्हणाली, सान हुआनहून पुन्हा कामाचं विचारलंय, दोनच महिन्यांसाठी. लॅपटॉप उघडून मला पत्र दाखवत होती. त्या पाटांचं नाव काढताना तिचा आवाज तसाच झाला होता, तेव्हासारखा.

मी नुसता हात छातीकडे नेला. तिनं लॅपटॉप मिटला आणि पाणी आणायला उठली.