मधली बासरी

सबनीसबाईंना कुणी नमस्कार केला की त्या समोरच्याचे जोडलेले हात सोडवायच्या आणि बोटं फाकवून बघायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा नाव-गाव काही न विचारता त्यांनी माझा पंजा हातात घेतला, करंगळीशेजारचं बोट ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "लहान आहे. पण ये."

वाशीत तेव्हा आमच्या इमारतीपुढे नुसती मोकळी मैदानं होती आणि संध्याकाळी खाडीचा वारा भिंतीवरची कॅलेंडरं फडफडवायचा. बाई तळमजल्यावर पुतण्याकडे राहायच्या. मिरजेला मुलींच्या शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या, आता घरी बासरी शिकवायच्या. बाईमाणसानं बासरी वाजवायची म्हणजे तेव्हा नवलच, म्हणून तर मी गेले. मी ऑफिसात टायपिस्ट. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं बडवायची आणि घरी आल्यावर पोरं, स्वयंपाक. मधला अर्धा तास माझा, असं घरी ठणकावून सांगितलं होतं. "सगळं सोडून बासरी?" आमचे हे म्हणाले. "मग काय, तुमच्यासारखे पत्ते कुटू?" मी म्हटलं. विषय मिटला.

बाई माणसं हातावरून लक्षात ठेवायच्या. बासऱ्यांना पेटीच्या पट्ट्यांची नावं असतात. बासरी जितकी लांब तितका तिचा सूर खालचा, आणि भोकं तितकी दूरदूर. बाईंच्या लेखी सगळ्यांत लांब आणि भारदस्त ती पांढरी तीन. "तो बसचा कंडक्टर बघितलास? पांढरी तीनचा हात! तिकिटं फाडण्यात वाया गेला मेला." सानपाड्याहून शेजारणीकडे मासे घेऊन येणाऱ्या कोळणीचा हातही त्यांनी एकदा असाच धरून ठेवला. ती करवादली, "मना म्हावरा इकाचा हाय बाय, बोटा नाय!" बाई इतक्या हसल्या की पदर डोळ्यांना लावावा लागला.

शिकवायच्या मात्र गाऊन. स्वतः बासरीला हात लावायच्या नाहीत. "मी वाजवलं तर तू माझी नक्कल करशील. मी गाते, तू शोध." मला ते अगदी पटलं होतं. मी जोर लावला की म्हणायच्या, "जोरात फुंकलं तर नळाचा पाइपसुद्धा वाजतो गं. हळू फुंक, मग कळतं आत काय आहे ते."

दोनेक वर्षांत माझी पहिली, शिकाऊ बासरी मला पुरेनाशी झाली. तिचा सूर चिरका वाटायला लागला. रेडिओवर लागायची तशी घनगंभीर पांढरी तीन मला हवी होती. बाईंनी मान हलवली. "मोठी म्हणजे वरची नव्हे. चौथीतून पाचवीत जातात, तसं नसतं हे. तुझ्या हाताला पांढरी पाच. तीनहून आखूड, मधली."

मधली! तीन बहिणींतली मी मधली. थोरलीचे उतरलेले फ्रॉक घातले, धाकटीचे लाड बघितले, आता बासरीपण मधलीच? मी फणकाऱ्यानं तसं बोललेसुद्धा. "मधलीचं कौतुक होत नाही खरं," बाई म्हणाल्या, "पण आई आजारी पडली की हाक कुणाला मारतात?" तरी मी हटून बसले. शेवटी बाईंनी ओळखीच्या कारागिराकडून बासऱ्यांची मोळीच मागवली आणि एका रविवारी दुपारी पलंगावर पसरली. "घे. कर हौस."

मी पांढरी तीन उचलली. वरच्या हाताची बोटं बसली, पण खालच्या हाताचं शेवटचं बोट काही केल्या पोचेना. ओढून-ताणून पोचवलं तर दुसरं उचललं जायचं. सूर कसला, नुसता फुस्स! मनगटात कळ आली आणि मला रडूच फुटलं. एवढ्या हौसेनं धरलेली विद्या इथंच संपली, असं वाटलं. "एकदा तुम्ही वाजवून दाखवा ना! बोटं कशी ठेवायची ते तरी कळेल," म्हणत मी बासरी त्यांच्या हातात कोंबली.

बाईंनी ती धरली, आणि जगाचे हात बघणाऱ्या त्या बाईचे हात मी तेव्हा कुठं नीट बघितले. सांधे सुजलेले, बोटं वाकडी. शेवटचं बोट भोकाच्या अलीकडेच थांबलं.

"संधिवात," त्या म्हणाल्या. "जन्मभर हीच वाजवली. आता हात पोचत नाही, म्हणून सोडली."

"अहो, मग मधली वाजवा की!"

"छे गं! पांढरी तीन वाजवलेल्या माणसानं आता खाली..." आणि एकदम थांबल्या.

"खाली?" मी डोळे पुसत म्हटलं. "मोठी म्हणजे वरची नव्हे, हे कोण सांगत होतं मला? की ते फक्त आमच्यासाठी?" गुरूशी असं बोलतात का? पण माझी जीभ आहेच तशी. आता बाई मला हाकलणार, अशी खात्रीच झाली.

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि खुदकन हसल्या. "टायपिस्ट शोभतेस हो. माझंच वाक्य जसंच्या तसं माझ्यापुढे ठेवलंस."

मग त्यांनी मोळीतून पांढरी पाचच्या तेवढ्या बासऱ्या वेगळ्या काढल्या. एकेक मला हळू फुंकायला लावली, तानपुऱ्याशी ताडून बघितली, आणि दोन निवडल्या. एक मला दिली. बोटं आपोआप जागेवर बसली आणि खालचा सा असा भरून आला की मला उड्या माराव्याशा वाटल्या. दुसरी त्या बराच वेळ मांडीवर घेऊन बसल्या. मग ओठांना लावली. आधी नुसती हवा आली, मग सूर आला. भीमपलासातला कोमल गंधार त्यांनी असा काही धरला की मी माझी बासरी खाली ठेवून दिली. दोन वर्षं ज्यांच्याकडे शिकत होते, त्यांची बासरी मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकली. बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण गुरू म्हटलं की मला ती दुपारच आठवते. वाजवता वाजवता त्यांचं एक बोट घसरलं आणि सूर फाटला. मी घाईघाईनं "असू दे, असू दे" म्हणायला गेले.

"असू दे काय? चुकलं," बाई म्हणाल्या. "थांब, परत वाजवते."