अहो

दर मे महिन्यात आम्ही तिघं गाडीने बेटावरच्या त्याच कॉटेजवर जातो. यंदा आई आपणहून मागे बसली आणि बाबांच्या शेजारी मी. घाटात ती मला म्हणाली, "बाबांना सांग, काच वर करा म्हणावं." बाबांना ऐकू गेलं होतं, तरी मी सांगेपर्यंत ते थांबले.

तेव्हा लक्षात आलं, निघाल्यापासून आईने एकदाही 'अहो' म्हटलेलं नाही. शाळेत अमराठी मैत्रिणींना या शब्दाचं इंग्रजी मला कधी सांगता आलं नाही. घरात ती हाक आली, की बाबा असतील तिथून "काय गं?" म्हणायचे. हे किती दिवसांत ऐकलं नाही, ते आठवेना. विचारायचा धीरही झाला नाही.

फेरीबोटीवर गाड्या खेटून उभ्या होत्या. शेजारच्या गाडीतून एक बाई ओरडली, "अहो, हँडब्रेक लावा ना! पोहत जायचंय का?"

तिचा नवरा हसला. बाबांनी मात्र चटकन मान मागे वळवली.

आई खिडकीतून पाणी बघत होती. बाबांनी मान सरळ केली आणि लावलेलाच हँडब्रेक पुन्हा एकदा ओढला.